चाळीसगावला दोन दिवस: काय खावं, काय प्यावं, कुठं हिंडावं?

मधुरा_सांगली

नमस्कार मंडळी. माझ्या भावाची चाळीसगावला बदली झालीय. डिसेंबरात आई-बाबा आणि मी त्याचं बिऱ्हाड लावून द्यायला येतोय. सामान लागलं की दोन दिवस मोकळे आहेत. आमच्यापैकी कुणीच याआधी खान्देशात आलेलं नाही.

बाबा ड्रॉइंगचे शिक्षक होते. चाळीसगाव म्हटल्यावर त्यांच्या तोंडून पहिलं नाव निघालं छायाचित्रकार-चित्रकार केकी मूस यांचं. त्यांचं घर बघायचंच, असं ते म्हणतायत. आईला पाटणादेवीचं दर्शन घ्यायचंय. मला पितळखोऱ्याची लेणी बघायची आहेत, पण बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना नेता येईल की नाही ते कळत नाही.

आणि खाण्याचं सांगा. शेवभाजी पुण्यात एका ढाब्यावर खाल्ली होती, ती फारशी आवडली नाही. भरीत कुठं चांगलं मिळेल? तिखटाची भीती नाही, आम्ही सांगलीचे. फक्त बाबांना पित्ताचा त्रास आहे. जे तिथंच राहतात त्यांनी सांगावं ही विनंती.

वाहक_चाळीसगाव_आगार

ताई, मी चाळीसगाव आगारात वाहक होतो, आता निवृत्त आहे. आमच्या गावात लोक येतात ते बहुतेक गाडी बदलायला. मुंबईकडून उतरायचं आणि धुळ्याची गाडी धरायची, नाहीतर एसटीत बसून घाट चढायचा आणि कन्नडकडं निघायचं. कुणी मुक्कामाला येतंय, घरचे म्हातारे बरोबर आणतंय, हे वाचून फार बरं वाटलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही महाराष्ट्र एक्सप्रेसनं येणार असाल, सांगलीहून तीच सोयीची, तर सकाळी लवकर उतराल. डिसेंबरात त्या वेळी कडाक्याची थंडी असते, शाली वरच ठेवा, बॅगेत खाली नको. स्टेशनाबाहेर चहाच्या गाड्या लागलेल्या असतात. आलं ठेचून घातलेला चहा मागा. पोहे मिळतील, वर बारीक शेव आणि कांदा. पण पोट पोह्यांनी भरू नका. थोडं थांबलं की कढईतून मिरचीची भजी निघायला लागतात, ती गरम असतानाच खायची. बाबांना भज्यातली मिरची काढून द्या, नुसतं वरचं बेसनही छान लागतं.

केकी मूस यांचं घर स्टेशनाच्या जवळच आहे, तिथं चालत जाता येतं. उघडण्याची वेळ मात्र तुमच्या भावाला आधी विचारून ठेवायला सांगा. बाबांसाठी इथं सबंध सकाळ राखून ठेवा. मूस १९१२ साली जन्मले, १९८९ साली गेले, आणि मधली जवळजवळ पन्नास वर्षं याच घरात राहिले. बाहेर पाऊल टाकणं त्यांनी जवळपास सोडूनच दिलं होतं. टेबलावर लहान लहान वस्तू मांडायच्या, त्यावर प्रकाश पाडायचा आणि फोटोत डोंगर, समुद्र, बर्फ उभं करायचं, हे त्यांचं काम जगभर गाजलं. शिवाय चित्रं, शिल्पं, कागदाच्या घड्यांची कामं. ज्या माणसानं उभा जन्म मुलांना प्रकाश आणि सावली शिकवली त्याला त्या खोल्यांतून बाहेर काढणं अवघड जाईल, हे आधीच सांगून ठेवतो. गावात असं सांगतात की त्यांची प्रेयसी पंजाब मेलनं येईन म्हणाली होती, आणि ते रोज रात्री त्या गाडीच्या वेळेला दारं उघडून, दोघांचं जेवण मांडून वाट बघत. रात्रपाळीला स्टेशनाजवळ असलो आणि पंजाब मेल धडधडत आली की माझं लक्ष आपोआप त्या घराकडं जायचं.

स्टेशनाच्या भागात असताना आणखी एक गोष्ट बाबांना सांगा. १९२९ साली बाबासाहेब आंबेडकर इथं उतरले होते. अस्पृश्यांच्या तक्रारी ऐकायला मुंबई सरकारनं समिती नेमली होती, ते तिचे सदस्य होते. गावातल्या टांगेवाल्यांनी त्यांचा टांगा हाकायला नकार दिला. शेवटी अस्पृश्यांच्या वस्तीतल्याच एकानं लगाम हातात घेतला, त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. नदीवरच्या फरशी पुलावर चाक अडकलं, घोडा आणि टांगा खाली नदीत गेले. बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. मी आयुष्यभर लोकांना तिकीट फाडून दिलं, जो चढेल त्याला बसवलं. माझ्या गावात एका प्रवाशाला, तेही अशा प्रवाशाला, गाडी नाकारली गेली, ही गोष्ट मला फार लागते. नवीन वाहक आगारात आला की मी त्याला ही गोष्ट सांगायचो.

आता पाटणादेवी. गावापासून १८ किलोमीटरच्या आसपास, रस्ता गौताळा अभयारण्यात शिरतो. एसटी जाते, पण म्हातारी माणसं बरोबर असताना परतीची वेळ आपल्या हातात हवी, म्हणून रिक्षा किंवा गाडी करून जा. तिन्ही बाजूंनी सातमाळा डोंगररांगेचे कडे आणि मधे देवीचं देऊळ. डिसेंबरात झाडांना अजून हिरवाई असते, ओढ्याला थोडं पाणी असतं. धवलतीर्थाचा धबधबा पावसाळ्यातच बघावा, आत्ता त्याच्यासाठी चालू नका.

देवीचं दर्शन झालं की लोक परत फिरतात. तुम्ही जवळच्या महादेवाच्या जुन्या दगडी देवळाकडं जा. पाटण हे आज जंगल दिसतं, पण यादवांच्या काळात इथं निकुंभ घराण्याच्या सामंतांचं नांदतं ठाणं होतं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथं मठ काढला आणि सामंतांनी त्याला दान दिलं, असा शिलालेख पाटणला सापडला. तो तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. जुन्या लेखांचे अभ्यासक भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. म्हणजे गणित आणि आकाशातले ग्रह शिकायला पोरं या रानात येऊन राहत होती. शाळांच्या सहली घेऊन जाणाऱ्या गाडीवर ड्यूटी लागली की गुरुजींच्या आधी मीच पोरांना हे सांगायचो.

तिथं खायला फार काही मिळत नाही, नारळ-प्रसादाची दुकानं आहेत. घरून भाकरी, ठेचा, दही बांधून न्या. माकडांपासून पिशवी सांभाळा.

रात्रीचं जेवण म्हणजे शेवभाजी. पुण्याच्या ढाब्यावर तुम्ही जी खाल्ली तिच्यात टोमॅटो असणार आणि रस्सा गोडसर असणार. आमच्याकडं कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईस्तोवर भाजतात, लसूण-आल्याबरोबर वाटतात आणि त्यात घरचा काळा मसाला पडतो. शेव जाड लागते, तिला तुरखाटी म्हणतात. बारीक शेवेचा दोन मिनिटांत लगदा होतो. शेव रस्श्यात आधी टाकून ठेवलेली असेल तर ते हॉटेल सोडा. ती ताटात पडल्यावर रस्सा वरून घ्यायचा, आणि निम्मी भिजलेली, निम्मी कडक असताना खायची. सांगताना स्पष्ट सांगा: शेव वेगळी, रस्सा वेगळा. म्हणजे बाबांना वरचा तवंग बाजूला काढून खालचा रस्सा देता येईल. भाकरी ज्वारीची मागा. बरोबर मठ्ठा.

हॉटेलांची नावं मी देत नाही. आचारी बदलतो आणि चव जाते, मग माझ्या शब्दावर आलेल्या माणसाला वाईट जेवण मिळतं. खूण देतो. रात्री आठ-साडेआठला ज्या ठिकाणी ट्रकवाले आणि गावातली घरची माणसं दोन्ही बसलेली दिसतील तिथं बसा. मेनूचं कार्ड भलंमोठं असेल तर पनीर, मंचुरियन सोडून द्या आणि पाटवडीचा रस्सा आहे का विचारा. बेसनाच्या वड्या थापून, कापून रस्श्यात सोडतात. डुबुकवडे मिळाले तर तेही घ्या, त्यात बेसनाचं सरबरीत पीठच उकळत्या रस्श्यात सोडायचं असतं. फौजदारी डाळ बाबांना चालेल, पण फोडणी बेताची सांगा.

जेवण झाल्यावर थंडीच्या दिवसात कढईतलं आटवलेलं दूध मिळतं. आईंना ते द्या.

भालोदची_लेक

वाहककाकांनी शेवभाजीचं अगदी खरं सांगितलं. भरिताचं मात्र मी सांगते, कारण भरिताचं माहेर आमच्याकडं, जळगावच्या पूर्वेला: भालोद, बामणोद, असोदा ही गावं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. वांगं मोठं, फिकं हिरवं, पांढऱ्या रेघांचं, आणि आत बी अगदी कमी. जांभळ्या वांग्याचं भरीत आम्ही भरीत म्हणून वाढत नाही.

मधुराताई, तुम्ही अगदी वेळेवर येताय. आमच्याकडं चातुर्मासात वांगं बंद असतं. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग खायला सुरुवात. त्यानंतर थंडी संपेपर्यंत शेताशेतात भरीत पार्ट्या. तुमच्या भावाच्या ऑफिसात कुणीतरी शेतकऱ्याचं पोर असेलच. त्यानं बोलावलं तर लाजू नका, जा. पाहुणा आला की इकडं दोन वांगी जास्त भाजतात, एवढंच.

वांगी कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुराचा वास येत नाही, त्यामुळे काहीही करा, चव येत नाही. साल काढायची, लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचायचं. तेलात शेंगदाणे, मग कांद्याची पात, मग भरीत, वरून कोथिंबीर. टोमॅटो नाही, गरम मसाला नाही. केळीच्या पानावर वाढायचं आणि बरोबर कळण्याची पुरी नाहीतर भाकरी. ज्वारीत अख्खे काळे उडीद आणि मीठ घालून दळलं की कळणं होतं. कळण्याची भाकरी जरा खरबरीत असते आणि तिला उडदाचा वास असतो. ज्यानं ती कधी खाल्लेली नाही त्यानं पहिला घास नुसता, तेल आणि चटणी लावून खावा.

बाबांचं पित्त म्हणताय, तर त्यांच्यासाठी ठेचतानाच मिरची कमी असलेला वाटा वेगळा काढायला सांगा. नंतर कमी करता येत नाही.

एक दिवस मोकळा काढता आला तर सकाळच्या गाडीनं जळगावला या. सव्वा-दीड तासाचं अंतर. बाजारात भरीत किलोवर तयार मिळतं, पुऱ्या जवळच तळून देतात. जळगाव बहिणाबाईंचं सासर आणि असोदा माहेर, दोन्ही एका दुपारी बघून होतात. जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ बाबांना आवडेल, आणि तिथं फार चढउतार नाही.

वरण-बट्टी राहिलीच. गहू आणि थोडा मका जाडसर दळून, ओवा-हळद घालून बट्ट्या वाफवतात, मग कापून तळतात. वर तुरीचं वरण, तूप आणि घोटलेली वांग्याची भाजी. ही खरी भंडाऱ्याच्या पंगतीत खायची. कुठं पंगत दिसली आणि कुणी हात धरून बसवलं तर बसा.

सातमाळा_भटकंती

पितळखोऱ्याबद्दल. लेणी कन्नड तालुक्यात येतात. कन्नड घाट, म्हणजे औट्रम घाट, चढून वरून जाणं सोपं. पाटणादेवीकडून जंगलातून वर जायची वाट आहे, पण ती सवयीच्या माणसांसाठी आणि वाटाड्या घेऊनच. आई-बाबांबरोबर तो विचार करू नका. गौताळ्यात बिबट्या आहे, अंधार पडायच्या आत जंगलाबाहेर पडलेलंच बरं. घाटात वाहतूक कधी कधी तासन्‌तास तुंबते, म्हणून भल्या सकाळी निघा.

गाडी वर पठारावर थांबते आणि तिथून दरीत पायऱ्या उतराव्या लागतात. उतरताना गुडघ्यांवर जास्त ताण येतो आणि परत तेवढंच चढायचं असतं. माझं स्पष्ट मत: बाबांनी उतरू नये. वरून दरी दिसते, तिथं सावलीत बसता येतं.

तुम्ही मात्र जाच. ही लेणी इसवी सनपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकातली, अजिंठ्याच्या सुरुवातीच्या लेण्यांच्या बरोबरीची. इथला खडक ठिसूळ, त्यामुळे पुष्कळ भाग ढासळलाय आणि म्हणूनच इथं गर्दी नसते. चार नंबरच्या लेण्याच्या पायथ्याला ओळीनं हत्ती कोरलेत, दाराशी द्वारपाल उभे आहेत. इथं सापडलेला एक यक्ष दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर तो घडवणाऱ्यानं आपलं नाव कोरलंय: कण्हदास, धंद्यानं सोनार. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव आपल्याला माहीत असणं ही फार दुर्मिळ गोष्ट आहे, बाबांना हे नक्की सांगा. तीन नंबरचं लेणं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह आहे. त्याच्या खांबांवर नंतरच्या काळातली रंगीत चित्रं अजून शिल्लक आहेत. फ्लॅश न वापरता, हात स्थिर ठेवून जवळून फोटो काढा आणि संध्याकाळी मोठ्या पडद्यावर बाबांना दाखवा. हात लावू नका, रंग सुटतो.

पाणी बरोबर न्या. खाली काही मिळत नाही.

मधुरा_सांगली

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना काकांचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. टांग्याच्या गोष्टीला ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ती जागा मला बघायची आहे. पितळखोऱ्याचं त्यांनी स्वतःच सांगितलं की मी वर बसून स्केच करीन, तू खाली जा.

दोन शंका आहेत. आईचे मार्गशीर्षातले गुरुवार असतात आणि आमचा एक दिवस नेमका गुरुवारी येतोय. उपासाचं काय मिळेल? आणि परत येताना काय घेऊ? शेजारणींनी आत्ताच यादी मागितलीय.

वाहक_चाळीसगाव_आगार

ताई, गुरुवारची काळजी करू नका. साबुदाण्याची खिचडी स्टँडजवळ सकाळी मिळते. भगर आणि शेंगदाण्याची आमटी मात्र घरीच करावी, भावाकडं गॅस लागलेला असेलच. भगर इथं कुठल्याही किराणा दुकानात मिळते. केळी तर हवी तेवढी. उपासाचे म्हणून केळीचे वेफर्स घेताना फक्त मीठ लावलेले घ्या आणि ते कशात तळलेत ते विचारा. संध्याकाळी उपास सोडायला गोडाचं हवं असेल तर खापराचे मांडे कुणी करून देतं का, ते भावाच्या शेजारी बायकांना विचारून ठेवा. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत मोठी करतात आणि पालथ्या खापरावर टाकतात. घडीचे मांडे डब्यात नेता येतात, पण खापरावरून उतरल्या उतरल्या तूप-दुधाबरोबर खाल्ल्यावर आईंना जे वाटेल ते डब्यातल्यानं वाटणार नाही. खरा मांड्यांचा हंगाम आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, आंब्याच्या रसाबरोबर. तेव्हा लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. भाऊ इथं आहे म्हटल्यावर आखाजीला तुम्हीही माहेरवाशीण म्हणून या.

न्यायला काळा मसाला घ्या. पाकिटातला नको, डंकावर कुटून देतात तो घ्या आणि वास घेऊनच घ्या. दगडफूल आणि खोबऱ्याचा वास आला पाहिजे, नुसता मिरचीचा येत असेल तर ठेवा. तुरखाटी शेव घ्या, म्हणजे सांगलीत शेवभाजी करता येईल. ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, घ्या. ते उन्हाळ्यात घरोघरी करतात, डिसेंबरात बचत गटाच्या बायकांकडं उरलेले मिळतात. ते चांगले वाळलेले असतात, पण फार नाजूक. डब्यात घाला, पिशवीत चुरा होईल. कळण्याचं पीठ नेऊ नका. ज्वारी आणि काळे उडीद न्या आणि तिकडं गिरणीतून ताजं दळून घ्या, पीठ लवकर कडू पडतं. भरिताची वांगी निघायच्या दिवशी सकाळी बाजारातून घ्या. देठ हिरवा असलेली आणि हातात हलकी लागणारी निवडा, जड वांग्यात बी असतं.

ती टांग्याची जागा दाखवायला मी स्वतः येईन. या धाग्यावर तुमचा येण्याचा दिवस लिहा. सकाळी स्टेशनाबाहेर चहाच्या गाडीपाशी थांबतो, तिथून आधी तिकडं जाऊ. मूस यांचं घर त्यानंतर, तोवर ते उघडलेलंही असेल.